हाडकीवरची मोजणी

मारुतीराव पाटलाचा बैल मेला आणि पंचवीस वर्षांनी गावाला भरमाची आठवण झाली.

एरवी आठवण व्हायचं काही कारण नव्हतं. भरमा दुसऱ्याच्या रानात तंबाखू खुडायला जायचा. त्याची बायको तानीबाई रोज तीन मैल चालत निपाणीला जायची, वखारीत तंबाखू चाळायची आणि संध्याकाळी खोकत परत यायची. पोरगा परशराम मॅट्रिक होऊन तीन वर्षं रिकामा होता. अशी माणसं गावाला दिसत नाहीत. गावाचं काही सडायला लागलं म्हणजे मात्र लगेच दिसतात.

सांगावा घेऊन आला गुंडू, पाटलाचा सालगडी. बौद्धवाड्याच्या तोंडाशी थांबून, आत पाऊल न टाकता त्यानं हाळी दिली, “भरमा! ए भरमा! पाटलानं बलिवलंय. बैल पडलाय.”

भरमा दगडावर खुरपं घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “पडलाय तर उठवा.”

“मेलाय रं!”

“मग पुरा.”

“पुरायचा न्हाय. हाडकीवर टाकायचाय. बेंगळूरचा सायब त्येच्यावर गिधाडं मोजणार हाय.”

भरमाचा हात थांबला. हाडकी म्हणजे गावाच्या उत्तरेचा खडकाळ माळ. मेलेली ढोरं ओढायची, फाडायची, त्याच्या बदल्यात हा माळ महारांच्या नावावर. पिढ्यान् पिढ्या तिथं हाडं पडली. गवतसुद्धा तिथं नीट उगवत नाही, आणि गावानं उपकार म्हणून तोच दिला. सत्तावन साली वाड्यातल्या सगळ्या बाप्यांनी विहाराच्या जागेवर उभं राहून शपथ घेतली : मेल्या ढोराला हात लावणार नाही. भरमा तेव्हा तिशीतला. त्यानं आपली सुरी विहिरीत टाकली. ती पाण्यात पडल्याचा आवाज त्याला अजून आठवत होता.

“परशा कुटं हाय?” त्यानं विचारलं.

“थितंच हाय. सायबाची वही धरून बसलाय.”

भरमा उठला. कपाळाचा घाम खांद्यावरच्या टॉवेलानं पुसला आणि गुंडूच्या मागनं चालू लागला.

पाटलाच्या सोप्यात नागराज साहेब खुर्चीवर बसला होता. मुक्काम पाटलाकडंच, जेवण पाटलाकडंच. या भागात कमी होत चाललेले पक्षी-प्राणी कुठं किती उरलेत याची पाहणी त्याच्याकडं दिलेली. चार दिवस तो दुर्बीण घेऊन माळ फिरत होता. सोबत फॉरेस्टचा गार्ड मष्णू, आणि वही-कागद धरायला परशराम. काम चांगलं झालं तर वॉचर म्हणून तुझी शिफारस करीन, असं साहेबानं परशरामला सांगितलं होतं. आत्ता परशराम अंगणात पायरीखाली उभा राहून चहा पीत होता. कानतुटक्या कपात. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. पिऊन झाला की त्यानंच विसळायचा आणि त्यानंच परत कोनाड्यात ठेवायचा. साहेबाला पाऊण मैलावरची घार दिसायची, दहा फुटांवरचा तो कप काही दिसला नव्हता.

“ये, ये,” साहेब म्हणाला. मराठी त्याला बरी यायची, कानडी हेल काढून. “तुम्ही जुना माणूस. आधी इथं गिधाडं किती होती?”

“लई हुती सायब. एका ढोरावर साट-सत्तर. पंख पसरून बसली की माळ काळा दिसायचा.”

“मग मला चार दिवसांत एकही का नाही मिळाली? देशात भरपूर आहेत. इथंच का कमी?”

भरमानं तोंड उघडायच्या आधी पाटील बोलला. “मी सांगतो की! ह्येंनी काम सोडलं. ढोर वढायचं न्हाय म्हनून शपथा घेटल्या. तवापास्नं ढोर मेलं की खड्ड्यात. धर्म बदलला ह्येंनी आन उपास घडला गिधाडांस्नी!”

सोप्यातले चार-सहा जण हसले. मष्णूही हसला. साहेबानं वहीत काहीतरी टिपलं.

“गिधाड उपाशी मरत न्हाय सायब,” भरमा म्हणाला. “भूक लागली की उडून जातंय. पन्नास मैल, शंबर मैल. त्येला कुनी येशीत आडवत न्हाय.”

“मग कशानं गेली?”

“एंड्रिननं. तंबाखूच्या अळीवर मारत्यात त्ये इख. आनीबानीच्या साली पाटलाचं कोकरू लांडग्यानं नेलं. पाटलानं मेलेल्या कालवडीला एंड्रिन चोळलं आन हाडकीवर टाकली. लांडगा ऱ्हायला बाजूला. तेवीस गिधाडं मेली. पान्याच्या वासानं वढ्यात आलती, थितंच पडली माना टाकून. मी पुरली. मोजून पुरली.”

पाटलानं पानाची पिंक अंगणात टाकली, परशरामच्या पायापासून वीतभर अंतरावर.

“बगा सायब. ढोराला हात लावला तर धर्म बुडतोय, पर गिधाडाला लावला तर चालतोय ह्येंचा!”

“गिधाडानं मला हुकूम केला न्हवता,” भरमा म्हणाला.

साहेबानं पेन थांबवलं. “पुरावा काय? आणखी कुणी पाहिलं?”

भरमानं गुंडूकडं पाहिलं. त्या साली एंड्रिनचा डबा धरून गुंडूच पाटलाबरोबर हाडकीवर गेला होता. गुंडू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

“म्हणजे पुरावा नाही,” साहेब म्हणाला. आवाजात कडवटपणा नव्हता. त्याला घाई होती, एवढंच. “ते जाऊ दे. आता बैल आहे. जुन्या जागेवर टाकला, तर आसपास गिधाड असेल तर येईल. आली की मोजायची. तेवढं ओढून द्या.”

“न्हाय जमायचं.”

“पक्ष्यांसाठी आहे. त्यांना वाचवायचं तर आधी किती आहेत ते कळायला हवं ना?”

“मग पक्ष्यांसाठी तुमी वढा सायब. कासरा कुटं बांदायचा ते मी दाखवतो.”

मष्णू पुढं सरकला. “ए, नीट बोल! सायबानं तुझ्या पोराला नोकरी द्याची म्हटलीया.”

भरमानं परशरामकडं पाहिलं. पोरानं कप विसळला, कोनाड्यात ठेवला आणि बापाकडं न बघता तिथंच उभा राहिला. नको म्हण, असंही त्याच्या तोंडावर नव्हतं आणि हो म्हण, असंही नव्हतं. त्या न बोलण्याचं ओझं भरमाला बैलापेक्षा जड वाटलं. तरी तो वळला आणि घराकडं चालू लागला.

मागनं पाटलाचा आवाज आला, “जमीन खायला हाडकी पायजे, आन हाडकं वढायला नगंत!”

बैल अखेर ट्रॅक्टरनं ओढला. पण ट्रॅक्टर झाला तरी कासरा बांधायला हात लागतोच. तो हात गुंडूचा लागला. गुंडू जातीनं मराठा, तीन पिढ्यांचा पाटलाचा नोकर. सगळ्या गावादेखत त्यानं नाक दाबून बैलाच्या पायांना कासरा बांधला. पोरीबाळी खिडक्यांतनं हसल्या. घरी गेला तर बायकोनं दोन घागरी डोक्यावर ओतल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. आणि पारावर बसलेल्यांनी त्याला हाक मारली, “काय गुंडूराव, शपथ कवा घेणार?”

दिवेलागणीला तानीबाई आली. अंगाखांद्यावर तंबाखूची तपकिरी धूळ, डोळे लाल. चुलीपुढं बसून तिनं आधी पोटभर खोकून घेतलं. मग परशरामनं सांगायला सुरुवात केली. भरमा कुडाला टेकून ऐकत होता.

“सायबानं छापील कागदावर लिवायला घेटलंय, आई. विंग्रजीत. नीटच लिवलंय त्येनं. एक रकाना हाय, ‘कमी होण्याचं कारण’ म्हनून. त्येच्यात काय लिवलंय म्हाईत हाय?”

“काय?”

“स्थानिक महार समाजानं आपलं परंपरागत काम सोडलं.”

तानीबाईनं भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवला. “एंड्रिनचं?”

“न्हाय.”

“पाटलाचं नाव?”

“हाय की. ‘सहकार्याबद्दल आभार’ म्हनून शेवटी.”

तानीबाई हसली. हसता हसता तिला उबळ आली. “म्हंजी ढोर वढलं तवा आमी इटाळाचे, आन सोडलं तवा आमी पापी! गिधाडं मेली तरी आमच्याच नावावर. आता कागदावर लिवून बेंगळूरला धाडणार. थितनं दिल्लीला जाईल. म्हारांनी गिधाडं मारली!”

“तसं लिवलेलं न्हाय,” परशराम पुटपुटला.

“तसंच हाय ते!” भरमा पहिल्यांदा बोलला.

तानीबाई भाकरी थापू लागली. मग परशराम म्हणाला, “आप्पा, वढला आसता तर शिफारस झाली आसती. वढायला पायजे हुता आसं म्हनत न्हाय मी. नुसतं सांगतो.”

“ह्येंनी वढला आसता तर मी ह्येंस्नी घरात घेटलं नसतं,” तानीबाई तव्यावर भाकरी टाकत म्हणाली. “दोन घागरीनं बी न्हाय आन धा घागरीनं बी न्हाय.” मग जरा वेळानं, आवाज उतरवून, “पर नोकरी झाली आसती तर बरं झालं आसतं. छाती भरून येती रं माझी त्या वखारीत. त्या पाखरांचं बरं हाय. कमी झाली की मोजायला सायब येतोय. आमच्या वखारीतल्या सात बायका खोकून खोकून मेल्या, कोन आलं वही घिऊन?”

परशरामनं चुलीत लाकूड सारलं.

जेवण झाल्यावर ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “वढ्याकडंच्या नांद्रुकीच्या झाडावर गिधाडाचं एक घरटं हाय. निपाणीच्या वाटंवरनं दिसतं. मादी बसून हाय, म्हैना झाला. मी रोज बगती.”

“सायबाला दाकवूया काय? न्हाईतर ह्यो म्हननार हितं एक बी न्हाय.”

“नगं. सायब पाटलाच्या ताटात जेवतोय. सायबाला कळलं म्हंजे पाटलाला कळलं. पडू दे तिला तितंच.”

दुसऱ्या दिवशी भरमा उजाडायच्या वेळी हाडकीकडं गेला. परसाकडला जायची वाट तीच होती. माघाची थंडी अजून सरली नव्हती. बैल लांबनंच दिसला, पोट फुगलेलं, चारी पाय ताठ. भरमा वाऱ्याच्या बाजूनं वळसा घालून जाणार होता. पण त्याची नजर बैलाच्या मांडीवर गेली आणि तो थबकला.

मांडीवर चार चिरा होत्या. आडव्या. चामड्याची चाल ज्याला ठाऊक नाही अशा हातानं मारलेल्या. फाडणारा माणूस असा कधी कापत नाही. तो पोटाखालून सुरू करतो, सुरी केसांच्या दिशेनं नेतो. पंचवीस वर्षांनीसुद्धा भरमाच्या बोटांना ते माहीत होतं. कोल्हा-लांडग्याचा दातही असा लागत नाही. तो चार पावलं जवळ गेला. चिरांतून काहीतरी चकाकत होतं आणि कुजल्या वासाच्या वर दुसरा एक वास होता, तिखट, औषधी. तंबाखूवर अळी पडली की फवारतात तो. बैलाच्या शेपटीशी एक कावळा पंख फाकून पडला होता.

दगडांमागं डबा सापडला. वर कवटीचं चित्र.

भरमा खाली बसला. पूर्वेला लाली फुटली होती. गिधाड सकाळी उडत नाही. ऊन तापावं लागतं, माळावरनं हवा वर चढावी लागते, मग ते झाडावरनं सुटतं. म्हणजे दोन तास. पाटलाकडं जावं? पाटलानंच लावलंय. साहेबाला सांगावं? साहेब विचारणार, पुरावा काय, आणखी कुणी पाहिलं. तोवर ऊन वर येणार. बैल ओढून खड्ड्यात टाकावा तर एकट्याच्यानं ओढत नाही. आणि ओढला असता तरी ओढणार नव्हता. मेल्या ढोराला हात नाही म्हणजे नाही.

हात लावायचा नाही. पण राखण करायला हात लावावा लागत नाही.

त्यानं बाभळीचा एक फोक तोडला, ओंजळभर दगड गोळा केले आणि बैलापासून दहा पावलांवर उकिडवा बसला.

ऊन वर आलं. माशा आल्या. वास असा वाढला की त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. त्यानं टॉवेल नाकाला बांधला. तोंड कोरडं पडलं, गुडघे दुखायला लागले, तरी उठला नाही. आणि मग, नऊच्या सुमाराला, ओढ्याच्या बाजूनं एक काळा ठिपका वर आला. मग दुसरा. पंख न हलवता ते गोल गोल फिरत आले, हळूहळू खाली. भरमानं मोजलं. पाच. सहा. सात. कितीतरी वर्षांनी एवढी एका जागी बघितली आणि त्याला रडू येईल की काय असं वाटलं. त्याच वेळी एकानं पाय खाली सोडले.

भरमा उठून धावला. “हाऽड! हाऽड! जावा! मरायला आलाईसा व्हय! जावा तिकडं!”

दगड भिरकावला. फोक फिरवला. गिधाडानं जोरात पंख मारले, धूळ उडाली, आणि ते परत वर गेलं. दुसरं उतरू लागलं. त्याच्याकडं धावला. पन्नास-पंचावन्न वर्षांचा माणूस, नाकाला टॉवेल, हातात काटेरी फोक, मेल्या बैलाभोवती नाचत होता. आभाळाला शिव्या देत होता.

करवंदीच्या जाळीमागनं साहेब धावत आला. हातात दुर्बीण. मागं मष्णू आणि परशराम. साहेब नुकताच मागच्या बाजूनं येऊन तिथं दडला होता, आणि बैलाआड उकिडवा बसलेला भरमा त्याला दिसला नव्हता.

“ए! काय करतो! बंद कर! बंद कर!” साहेबाचा आवाज फाटला. “पाच दिवस वाट बघितली! आता आली तर तू हाकलतो?”

मष्णूनं भरमाच्या बंडीला धरून त्याला मागं ओढलं. बंडी खांद्यापाशी टरकली. “कालचा राग काडतोस व्हय रं? सरकारी कामात आडवा येतोस?”

“इख हाय सायब! इख लावलंय बैलाला! ह्यो बगा डबा!”

साहेबानं डबा पाहिला, बैल पाहिला. काय करावं ते त्याला कळेना. तेवढ्यात बांधावरनं पाटील आणि गुंडू आले. पुढं पाटलाचं काळं कुत्रं. कुत्रं थेट बैलाच्या मांडीला भिडलं.

“कुत्रं धरा!” भरमा ओरडला. “पाटील, कुत्रं धरा तुमचं!”

“का? बाटतंय व्हय?” पाटील हसला.

“ते मरंल!”

पाटलाच्या तोंडावरचं हसू जरा ढळलं. त्यानं शीळ घातली, हाका मारल्या. कुत्र्यानं चार लचके गिळले, मग जिभल्या चाटत आलं. साहेब कधी पाटलाकडं, कधी डब्याकडं बघत होता. परशराम बापाजवळ जाऊन उभा राहिला. मष्णूनं बंडीवरचा हात काढला नव्हता, पण त्या हातात आता जोर नव्हता. अर्धा तासही गेला नसेल. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला. ते स्वतःभोवती फिरलं, पडलं, पाय झाडले, मान मागं ताणली आणि पाटलाच्या वहाणांपाशीच ताठ झालं.

वर सात गिधाडं फिरत होती.

“लांडग्यासाठी लावलंय,” अखेर पाटील म्हणाला. “गेल्या आठवड्यात दोन शेरडं नेली माझी. बैल असा बी टाकलेलाच हुता, म्हटलं येका दगडात... आन गिधाडं खाऊन मेली आसती तर मेलेली मोजायची की सायब! हालणार बी न्हाईत, उडणार बी न्हाईत. मोजायला सोपी!”

त्याला ते खरोखरच सोपं वाटत होतं. लबाडी नव्हती त्याच्या तोंडावर. तीच गोष्ट भरमाच्या अंगावर काटा आणणारी होती.

साहेबानं रुमालानं तोंड पुसलं. “हे आधी पुरा. लगेच. खोल खड्डा.”

“पुरतो की. भरमा, घे रं. आता तर तुज्या गिधाडांसाठीच हाय.”

“रातीला ज्या हातानं बैलावर सुरी चालली, त्याच हातानं कासरा बांदावा,” भरमा म्हणाला.

पाटील गुंडूकडं वळला. “गुंड्या, बांद.”

गुंडू खाली बसला. बैलाकडं बघून नव्हे, जमिनीकडं बघून म्हणाला, “मी न्हाय, धनी. काल एकदा बांदला. दोन घागरी वतून घेटल्या. आज परत न्हाय.” मग मान वर करून साहेबाला म्हणाला, “आन सायब, तुमी काल इच्यारला की कुनी बगितलं. मी बगितलं. आनीबानीच्या साली डबा मी धरलेला. वतला धन्यानं. ह्यो भरमा खरं बोलतोय.”

“जीब लई चालाय लागली तुजी!”

“शिकीवलं लोकांनी. शपथ घ्या म्हनत्यात मला.”

ट्रॅक्टर आला. कासरा पाटलानं स्वतः बांधला. पहिल्यांदा शिंगांना बांधला. ओढताना मान उपसून येईल म्हणून सोडावा लागला. भरमा दहा पावलांवरनं म्हणाला, “मागच्या दोनी पायांस्नी. गुडघ्याच्या वर. आवळा आजून. लाजू नगा, पाटील, आमच्या बापजाद्यांनी शंबर वर्सं आवळलाय.” पाटलाच्या धोतराला रक्तपाणी लागलं. माळाच्या कडेला जमलेली माणसं या वेळी हसली नाहीत. हसायचं धाडस त्यांना झालं नाही. पण बघितलं सगळ्यांनी.

खड्डा बुजवल्यावर साहेबानं जीपच्या बॉनेटवर कागद पसरले. तीन प्रती, मधे दोन कार्बन. वेळ लावून चालणार नव्हतं, दुपारी बेळगावला पोचायचं होतं. त्यानं आकड्याच्या रकान्यात शून्य लिहिलं.

परशरामनं ते वाचलं. “सर, शून्य?”

“मोजणीचा नियम आहे. मांसावर उतरली तेवढीच मोजायची. एकही उतरली नाही.”

“वर बघा की सायब,” भरमा म्हणाला. “हायत न्हवं? सात हायत.”

“मला दिसतात. पण ती कुठली, कुठून आली, काय माहीत? उतरली तेवढीच.”

“उतरली आसती तर मेली आसती!”

“मला समजतं,” साहेब म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी शरम होती, पण शरमेला कुठला रकाना नसतो. “मी काय करू? नियम मी केला नाही.”

“आन कारण?” परशरामनं बोट ठेवलं. “ह्ये तर आता बदलाल की. कुत्रं तुमच्याम्होरं मेलं. गुंडूनं सांगितलं.”

“विषाचं काम पोलिसांचं. मी पक्षी मोजतो. आणि ते कालच लिहून झालंय, तिन्ही प्रतींवर. खाडाखोड चालत नाही. एक खाडाखोड दिसली की वरून कागद परत येतो.” त्यानं पेन पुढं केलं. “इथं स्थानिक माहितगाराची सही लागते. पाटलांची झाली. तुम्ही करा. परशराम, वडिलांना सांग. शिफारशीचं पत्र मी आजच लिहितो.”

पाटील जीपला टेकून धोतर झटकत होता. तो म्हणाला, “अंगठा घ्या सायब, त्येला कुटली सही.”

भरमानं पेन घेतलं. त्याच्या हाताला जुन्या सुरीचा घट्टा होता. सत्तावन सालानंतर बांधलेल्या विहाराच्या ओसरीवर कंदिलाखाली तो एकापासून शंभरापर्यंत आकडे आणि स्वतःचं नाव शिकला होता, आणि तेवढंच त्याला लिहिता येत होतं. त्यानं सहीची जागा शोधली नाही. शून्याचा रकाना शोधला. वाकून, जीभ दातांत धरून, सुरी टेकवावी तसं पेन दाबून शून्यावर मोठा सात काढला. पुढं लिहिलं, भरमा.

“ए! ए!” साहेब ओरडला. “कागद नासवला!”

त्यानं वरचा कागद उचलला. खालच्यावर सात होता. तोही उचलला. त्याच्या खालच्यावरही सात होता, नाव होतं, आणि एका जागी पेन इतकं रुतलं होतं की कागद फाटून बॉनेटचा रंग दिसत होता.

“आता कुटली बी प्रत धाडा,” भरमा म्हणाला. “खाडाखोड हाय म्हनून परत आली, तर इच्यारतील तरी, कुनी केली म्हनून.”

साहेबानं कागद गुंडाळले आणि जीप निघून गेली. शिफारशीचं पत्र कुणी लिहिलं नाही. महिनाभरात पाटलाचा पुतण्या वॉचर झाला. खाकी शर्ट घालून तो पारावर बसू लागला. कागदाचं काय झालं ते गावात कधीच कळलं नाही.

त्या दिवशी तानीबाई वखारीतनं आली तेव्हा बापलेक अंगणात बसले होते. भरमाच्या बंडीचा खांदा फाटलेला. तिनं डोक्यावरचा पदर झटकला. धूळ उडाली.

“ऐकलं सगळं वाटंत,” ती म्हणाली. “सही केलासा?”

“केली.”

“नोकरी?”

“गेली,” परशराम म्हणाला.

तिनं मान हलवली. बराच वेळ खोकली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि नवऱ्याला विचारलं, “किती लिवलासा?”

“सात.”

“चुकलासा.” तिनं पायांवरची धूळ झाडली. वाड्याच्या तोंडाकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. “आट हायत. आज नांद्रुकीवर पिल्लानं मुंडी भायेर काडलीती. पर ते कुटल्या कागदावर लिवू नगासा.”